आठवी ढिगली

फार फार वर्षांपूर्वीची, राजेसुद्धा पायी शिकारीला जात तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी तर कान देऊन ऐकावी, कारण यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका राज्यात दर हिवाळ्यात सात गावी सात जत्रा भरत, आणि प्रत्येक जत्रेत जुन्या रथांची शर्यत होई. रथ पणजोबांच्या काळचाच हवा. नव्याला मज्जाव. एका रथावर दोघे असत. पुढे सारथी आणि मागे आवरणारा. वळण आले की आवरणारा चाकावर लाकडी ठोकळा दाबून वेग आवरी.

हा शौक भारी खर्चाचा. म्हणून एक रीत होती. हंगामाआधी घरातली नाणी मोजून सात शर्यतींच्या सात ढिगल्या करायच्या. आठवी ढिगली मोडतोडीची. ती फडक्यात बांधून आवरणाऱ्याने कमरेला खोचायची आणि सारथ्याने तिला हात लावायचा नाही. जुन्या लोकांना सारथ्यांची जात चांगली ठाऊक होती!

त्या राज्यात दोन भाऊ होते. धाकटा सारथी, थोरला आवरणारा. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्यानेच धाकट्याला कडेवर वाढवले होते.

पहिली शर्यत त्यांनी जिंकली. धाकट्याने गावजेवण घातले आणि दुसरी ढिगली जेवणावळीत गेली. दुसऱ्या जत्रेत एका रथाला पितळी पत्रे दिसले. लोक त्याच्याकडेच बघत होते. धाकट्याला ते सहन होईना. त्याने शर्यतीआधीच पुढच्या ढिगल्या मोडून आपल्या रथालाही पत्रे मारले, घोड्यांना मखमली झुली केल्या. रथ जड झाला आणि दुसरी, तिसरी, चौथी शर्यत हातची गेली. सातही ढिगल्या संपल्या.

"दादा, कमरेची गाठ सोड," धाकटा म्हणाला.

"ती मोडतोडीची आहे रे."

"मोडलंय काय? एक खिळा तरी निखळलाय का? पाचवी जिंकू दे, दुप्पट करून बांधतो."

त्याला नाही म्हणणे थोरल्याला उभ्या आयुष्यात जमले नव्हते. त्याने गाठ सोडली. त्यातून दाणावैरण झाली, प्रवेशाचा नजराणा झाला आणि फडके रिकामे झाले.

पाचव्या जत्रेत सकाळीच लोहाराने रथाखाली वाकून पाहिले. "दोन चाकांमधला कणा तडकलाय. पाच नाणी पडतील. नसतील तर घोडे सोडा आणि घरी जा."

"नजराणा भरलाय!" धाकटा खेकसला. "तो परत मिळतो का? कातडी वादी आवळून बांध. आजच्यापुरता निभाव लागला म्हणजे झालं."

"मी मागे उभा राहणार आहे," थोरला हळूच म्हणाला.

"मग काय झालं? वळणावर जरा बेताने दाब."

 थोरला आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

शेवटच्या वळणावर धाकटा सगळ्यांच्या पुढे होता. लोक ओरडत होते. त्याला वाटले, जिंकलोच. तेवढ्यात कणा कडकन मोडला. घोडे त्याला लगामासकट पुढे ओढत घेऊन गेले आणि रथ मागे उलटला, थोरल्याच्या अंगावर. पितळी पत्र्यांनी जड झालेला तो रथ उचलायला आठ माणसे लागली. तोवर सगळे संपले होते.

परक्या गावात चितेला लाकूड घ्यायला धाकट्याकडे एक नाणे नव्हते. लोकांनी वर्गणी काढायची तयारी दाखवली, पण तो नको म्हणाला. त्याने लोहाराकडून कुऱ्हाड मागितली आणि पणजोबांचा रथ स्वतःच्या हाताने फोडला. त्या जुन्या सागवानावर त्याने भावाला ठेवले. पितळी पत्रे तेवढे एका बाजूला पडून राहिले. ते जळणार नव्हते. मग तो दोन्ही घोडे हाताने धरून चालत घरी गेला.

बोध असा: मोडतोडीचा वाटा जो जिंकण्याच्या आशेवर उडवतो, तो मागे उभ्या असलेल्या माणसाचा जीव पणाला लावतो.