बंद माईकचा तास

"अख्खा तास माझा माईक बंद, आणि एवढ्या मोठ्या वर्गात एकालाही सांगावंसं वाटू नये? याला काय म्हणायचं, सर? बेपर्वाईच म्हणायची, दुसरं काय!"

प्रश्न उटगीकरांनी विचारला आणि उत्तरही त्यांनीच देऊन टाकलं. ही त्यांची जुनी खोड.

निटूरकर सर अंगणात खुर्ची टाकून पावट्याच्या शेंगा सोलत होते. नुकतीच अंघोळ झालेली. शेजारच्या स्टुलावर चष्मा आणि एक बारकी डबी.

सर निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली. उटगीकर त्यांचे एम.ए.चे विद्यार्थी, आता त्यांच्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतात. शिवाय ऑनलाइन शिक्षणाचे प्रमुख. खडूशिवाय ज्यांचं पान हलत नव्हतं अशा प्राध्यापकांना लॅपटॉपपुढे बसवलं ते यांनीच, कुणाला गोडीनं, कुणाला दटावून. एखाद्या वयस्क मॅडम माईक सुरू न करता बोलू लागल्या की स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करणारेही हेच.

आता स्टाफरूम यांना हसत होती. माणूस चिडला होता कमी, दुखावला होता जास्त.

बसायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली होती. व्यवस्था म्हणे कशी चोख! मुलांचे माईक तेच बंद ठेवत, म्हणजे गोंगाट नाही. लिहून निरोप द्यायची सोयही बंद, म्हणजे चहाटळपणा नाही. पडद्यावर पाच-सहा हात वर झालेले त्यांना दिसले होते. पण प्रश्न शेवटी घ्यायचे, हा नियम. नियम म्हणजे नियम.

शेवटी मुलांचे माईक उघडले, तेव्हा सुनयना जमादार नावाची मुलगी म्हणाली, आवाज येतच नव्हता. मग आधी का नाही सांगितलंस, असं दरडावल्यावर तिनं काय उत्तर द्यावं?

"म्हणते कशी... वाटलं सर, तुम्ही मधे कुठंतरी थांबाल. बघा! चोराच्या उलट्या बोंबा."

सर मान डोलवत होते. दाणे ताटलीत पडत होते.

मग उटगीकर मुद्द्यावर आले. अख्ख्या वर्गाचे अंतर्गत परीक्षेचे गुण ते कापणार होते. त्यात काही पोरांचं वर्ष वाया जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेवढंच मनाला टोचत होतं, म्हणून तर सकाळी सकाळी ते इथं आले होते. शिस्तीच्या बाबतीत निटूरकर सरांनी कधी सख्ख्या भाच्याचीही गय केली नव्हती. त्यांनी हो म्हटलं की झालं.

"मग कापतो, सर. चालेल ना?"

सर हसले. मान डोलावली.

उटगीकरांचा जीव भांड्यात पडला. वाकून पाया पडले आणि चपला घालायला वळले.

"अरे, निघालास?"

सरांनी पंच्याला हात पुसले. डबी उघडली. आतलं बारकं यंत्र काढून कानात नीट बसवलं, बोटानं दाबून पाहिलं.

"हं. बस आता. सांग, काय काम काढलंस?"

...

उटगीकरांचा एक पाय चपलेत, एक बाहेर.

"सर, म्हणजे मघापासून मी जे..."

"एक अक्षर कळलं नाही, बाबा. अंघोळीला जाताना काढून ठेवतो हे."

"मग मान कशाला हलवत होता?"

"तू एवढ्या पोटतिडकीनं बोलत होतास. नुसतं बघत बसणं बरं दिसेना."

उटगीकरांचा चेहरा पडला. आपण सरांकडून काय घेऊन निघालो होतो, ते त्यांना आठवलं असावं.

"ऐकू येत नाही म्हणून... तुम्ही मला आधीच सांगायचं होतं, सर."

सरांनी पुढची शेंग उचलली.

"सांगणारच होतो रे. वाटलं, मधे कुठंतरी थांबशील."