वेशीतल्या हत्तीचा मफलर

वेशीतून आत येताना उजव्या हाताला जो दगडी हत्ती दिसतो, त्याच्या गळ्यात मफलर का, असे प्रत्येक पाहुणा विचारतो. तुम्हीही विचारलेत. भर मे महिन्यात, दगडाला हात लावला तर चटका बसेल अशा उन्हात, हा निळा-पिवळा लोकरी मफलर तीन वेढे घालून बसलेला असतो. त्यात मध्येच एक वीतभर पट्टा तांबडा-पांढरा आहे, तोही नीट पाहून ठेवा. आणि हत्तीचा पुढचा डावा पाय पाहा. टाच जराशी उचललेली आहे.

मी सांगतो ते असे सांगतात म्हणून सांगतो. माझे शिक्षण पुरातत्त्वाचे. पुराव्याशिवाय बोलू नये हे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले, आणि निवृत्तीनंतर इथे उभा राहून पुरावा नसलेली हीच एक गोष्ट सांगतो आहे. चुकले तर पेठेतले कोणीही मला थांबवील. थांबवतातच.

संस्थानचे दिवस होते म्हणे. गावात फुटबॉल नुकता रुजला होता, आणि कुस्तीच्या दोन तालमींनी तो आपापल्या अंगावर घेतला होता. आमची वेस तालीम निळ्या-पिवळ्या रंगाची. नदीकडची घाट तालीम तांबड्या-पांढऱ्या रंगाची. वैर इतके की सामन्याच्या आठवड्यात वेस पेठेत कोणाच्याही घरी तांबडा रस्सा होत नसे, पांढराही होत नसे. मटणात नुसती हळद घालून पिवळे कालवण करीत आणि तोंड वाकडे करून, पण अभिमानाने, जेवत.

या पेठेत निंगाप्पा सणगर राहत होता. घोंगडी विणणारा, उंच, मानेने लांब, बोलायला कमी. एका वर्षी वेस तालीम घाटाकडून हरली, तेव्हा त्याने घोंगडीच्या लोकरीचा निळा-पिवळा मफलर विणला, गळ्यात घातला, आणि या हत्तीच्या सोंडेवर हात ठेवून नवस बोलला : ‘घाटाला हरवल्याबिगर ह्यो माझ्या गळ्यातनं उतरणार न्हाई.’

पुढच्या वर्षीही तालीम हरली. निंगाप्पाने मफलरला एक वीत जोडली. मग दर पराभवाला एक वीत, असा नेमच पडला. आमच्या तालमीचा खेळ त्या काळी कसा होता हे मला माहीत नाही, पण मफलर फार लांब झाला एवढे सगळेच सांगतात. धुवायचा तर उतरवावा लागणार, म्हणून तो धुतलाही नाही. धनगरांचे कळप वेशीतून जात, तेव्हा दोन-चार मेंढरे वाट सोडून निंगाप्पाच्या मागे लागत, आणि धनगराला ती परत न्यायला यावे लागे.

त्याची बायको केराबाई सोशिक होती, पण नाक तिलाही होते. एक दिवस तिने गाठोडे बांधले. ‘अवो, देवाला बोललासा, मोडा म्हनत न्हाई,’ ती म्हणाली. ‘पन एका घरात मी तरी ऱ्हाईन, न्हाईतर ह्ये मेंढरू तरी. उतारलं की सांगावा धाडा.’ आणि ती माहेरी गेली. त्या वर्षापासून घाटाविरुद्धचा प्रत्येक सामना निंगाप्पासाठी नुसता सामना राहिला नाही. तालीम जिंकली की मफलर उतरणार, आणि मफलर उतरला की केराबाई परत येणार.

ज्या सामन्याची ही गोष्ट आहे त्या दिवशी केराबाईही मैदानाच्या बांधावर बसून होती. गाठोडे जवळ. आशेने आणले होते की सवयीने, याबद्दल पेठेत दोन मते आहेत.

त्या काळी गोलाला दोन बांबू असत आणि वर आडवी दोरी. मध्यंतराला दोन्ही बाजू बरोबरीत होत्या. तेवढ्यात ज्याची ती दोरी होती तो गवळी धावत आला. त्याची म्हैस दावे तोडून पळाली होती. त्याने दोरी सोडली आणि तो म्हशीमागे गेला. घाटाचा गोल वरून उघडा पडला.

आता, मैदानावर फेटे काही कमी नव्हते. कोणाचाही एक फेटा सोडून बांधला असता तर काम झाले असते. पण फेटा सोडायचा म्हणजे डोके उघडे करायचे, आणि तेही समोरच्या पेठेपुढे! वेसवाले म्हणाले, गोल घाटाचा, फेटा घाटानं सोडावा. घाटवाले म्हणाले, गोल मारायची हौस तुमाला, तुमी सोडा. ऊन उतरू लागले. शेवटी सगळ्यांचे डोळे निंगाप्पाच्या गळ्याकडे वळले. इतक्या वर्षांच्या पराभवांनी तो मफलर बरोबर गोलाएवढा झाला होता.

‘काढनार न्हाई,’ निंगाप्पा म्हणाला.

‘मग काढू नगंस,’ घाट तालमीचे वस्ताद बापूसो मगदूम म्हणाले. ‘गळ्यासकट ये.’

घागरी ठेवायची उंच घडवंची आणली. निंगाप्पाला तिच्यावर, एका बांबूला टेकवून उभे केले. मफलरचे एक टोक त्याच्या गळ्यात, दुसरे पलीकडच्या बांबूच्या शेंड्याला. वेसच्या माणसाच्या गळ्यात घाटाचा गोल! घाटाची पोरे कुरकुरली, तेव्हा बापूसो म्हणाले, ‘गड्याचा वास येतो, पर खोट न्हाई.’ पंच होते शाळेचे ड्रिल मास्तर, दस्तगीर मास्तर. त्यांनी निंगाप्पाला एकच ताकीद दिली : ‘खांबानं हलायचं नसतं.’

निंगाप्पा हलला नाही. चेंडू एकदा मफलरवर आदळला आणि त्याला जोराचा ठसका लागला, तरी हलला नाही. मग सामना संपत आला तेव्हा वेसच्या गड्याने लांबून चेंडू मारला. तो वर चढला, वाकला, आणि मफलरला खालून चाटून आत गेला.

गोल! वेस पेठ नाचू लागली. घाट पेठ ओरडू लागली, ‘खांब वर झाला! ह्येनं टाचा उचलल्या!’ ‘व्हय की, चेंडू बघून तुमचंच डोळं वर गेलं!’ असे वेसकडून उत्तर गेले. काठ्या निघण्याची वेळ आली. दस्तगीर मास्तर घडवंचीपाशी आले. गोल झाला तेव्हा त्यांचे लक्ष चेंडूकडे होते, आणि सगळ्या मैदानाचेही. टाचांकडे कोण बघणार?

‘निंगाप्पा, तूच सांग. टाचा उचलल्यास?’

निंगाप्पाने बांधाकडे पाहिले. केराबाई उठून उभी राहिली होती, गाठोडे काखेत मारून.

‘उचलल्या, मास्तर,’ तो म्हणाला. ‘ध्यानात आलं न्हाई. पन उचलल्या.’

गोल रद्द झाला. उरलेल्या वेळात वेस तालीम खचली आणि घाटाने गोल मारून सामना जिंकला. पेठेतले कोणी निंगाप्पाशी बोलले नाही. एकाने त्याच्या घडवंचीला लाथ मारली म्हणतात. ती त्या माणसाच्याच घरची निघाली. निंगाप्पा मफलर गोळा करून या हत्तीपाशी येऊन बसला आणि आणखी एक वीत कुठून जोडावी ते पाहू लागला.

मागून केराबाई आली. तिने गाठोडे खाली ठेवले आणि सुई मागितली.

‘उतारला न्हाई अजून,’ निंगाप्पा म्हणाला.

‘दिसतंय की. जो आपल्या टाचंपायी खोटं बोलत न्हाई, त्याचा वास सोशीन मी. सरका.’

तेवढ्यात बापूसो मगदूम आले. वेस पेठेत घाटाचा वस्ताद आलेला कोणी पाहिला नव्हता. त्यांनी आपल्या गळ्यातल्या तांबड्या-पांढऱ्या मफलरची एक वीत कापून पुढे केली. ‘ह्या वर्साची आमच्याकडनं,’ म्हणाले. केराबाईने ती जोडून टाकली. तो हा पट्टा.

पुढच्याच वर्षी वेस तालीम जिंकली म्हणे. सामनाभर पेठेच्या एकाही माणसाने टाच उचलली नाही; निंगाप्पाशी अबोला धरल्याचे प्रायश्चित्त त्यांनी असे घेतले. वाजतगाजत परत आले तेव्हा हत्तीचा पाय असा दिसला. सगळ्यांच्या वाटची टाच त्याने उचलली, असे सांगतात. निंगाप्पाने मफलर उतरवून त्याच्या गळ्यात घातला. केराबाईने तो आधी धुतला, हे मात्र सगळ्यांना मान्य आहे. आणि गळा मोकळा मोकळा वाटतो म्हणून निंगाप्पा मरेपर्यंत रोज दुपारी इथे येऊन बसे, मफलरचे एक टोक खांद्यावर घेऊन.

हत्ती चालता दिसावा म्हणून शिल्पकार त्याचा पाय मुळातच असा घडवतात, हे मी एका निबंधात लिहिले होते. निबंध छापला गेला, पण त्यानंतर मनाला बरे वाटले नाही. नक्की ठाऊक नसताना मी ते फार ठामपणे लिहिले असे वाटत राहते.

आजही सामन्याला जाल तर पाहा. चेंडू गोलाकडे निघाला की सारे मैदान उसळते. वेस पेठेची माणसे तेवढी मफलर दोन्ही मुठींत घट्ट धरून, टाचा जमिनीला टेकवून उभी असतात. मीही असतो. हत्ती तेवढा टाच उचलून आहे. त्याला अजून कोणत्याच पंचाने विचारलेले नाही.