गोतीर्थचे बोलके घडे

बसा, मंडळी. आधी एक सांगा: दोन बलाढ्य शेजारी एकाच दिवशी तुम्हाला ‘भाऊ’ म्हणू लागले, तर विश्वास कुणावर ठेवाल? मी मिठाचा व्यापारी, पोथ्या शिकलो नाही. पण तांड्याबरोबर फिरताना एका वृद्ध भिक्षूकडून ऐकलेलं सांगतो.

पूर्वी गोतीर्थ नगरात भद्रसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मले होते. नगर लहान, पण सैन्याला नदी ओलांडता येईल असा उतार तेवढाच. उत्तरेच्या सम्राटाला तो हवा, दक्षिणेच्यालाही. तिथली रीत अशी, की परराज्याला दिलेला शब्द राजाने शपथविहिरीत वाकून बोलायचा आणि तिचं ओंजळभर पाणी प्यायचं. भेदरलेल्या राजाने अमात्याला न विचारता दोन्ही दूतांना वेगवेगळं तिथे नेलं आणि दोघांपुढे एकच शपथ घेतली.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी एका कुंभारणीचा, त्याच विहिरीच्या पाण्याने भरलेला रांजण बोलला. आवाज राजाचा होता. “उतार तुम्हालाच देईन.” मग शेजारचा घडा बोलला, मग गल्लीतला प्रत्येक. पाणी ओतून दिलं, तर ओली जमीन कुजबुजू लागली. आयांनी लेकरांना तहानलेलं ठेवलं.

राजा घामाघूम झाला. “अमात्य, उद्या दोन्ही दूत उतार ताब्यात घ्यायला येताहेत. विहीर बुजवा! त्यांना ताक पाजा, काहीही पाजा!”

“विहीर बुजेल, महाराज. तुमच्या पोटातल्या ओंजळीचं काय?”

राजाचे ओठ मिटलेले होते. तरी आतून आवाज आला, “तुम्हालाच देईन.”

तो रडवेला झाला. “मग बलवान कोण तेवढं सांगा. त्याच्या पाया पडतो.”

“बलवान बदलत राहतील, महाराज. उतार इथेच राहील. दोघांना एकाच पंगतीत बसवा, दोघांना एकच गोष्ट सांगा.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही दूत समोरासमोर बसले. मधे एकच घडा. तो बोलला. दोघांचे हात तलवारींवर गेले.

बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले, “ऐकलंत ना? दोष आमचा. उत्तरेने मला बारा गावं देऊ केली होती, तेही सांगून टाकतो. मी घेतली नाहीत. आता तुम्ही खरं सांगा. उतार तुम्हाला हवा आहे, की तो ह्यांना मिळू नये एवढंच हवं आहे?”

दक्षिणेच्या म्हाताऱ्या दूताने तलवारीवरचा हात काढून घेतला. मग तो गुरगुरला, “एवढंच.”

“आमचंही तेच,” उत्तरेचा दूत खाली बघत म्हणाला.

“तर मग सैन्य कुणाचंच उतरणार नाही. धान्याचे बैल दोघांचेही उतरतील. ज्याचा भाला पाण्याला लागेल, त्याच्या डोळ्यांदेखत आम्ही उताराची फरसबंदी उखडू. मग बैलही कुणाचाच उतरणार नाही.”

राजाने दोघांसमोर तेच विहिरीत सांगितलं आणि तो तिचं पाणी प्यायला. सगळे कान देऊन उभे राहिले. घडे गप्प होते. म्हाताऱ्या दूताने तरीही भांडं आधी कानाशी धरलं, मग ओठाशी.

ही कथा संपवून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षुसंघाला सांगितलं, “आपल्या संघातल्या दोन गटांना दोन वेगळ्या गोष्टी सांगणारा, इथे बसलेला हा वेठिल नावाचा भिक्षू तेव्हा भद्रसेन होता. त्या गटांचे दोन थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, हे दूत होते. अमात्य मी होतो.” सर्वांना एकच खरं सांगण्याच्या ह्या गुणाला सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, म्हणतात.

तेव्हा मंडळी, मिठाच्या वजनात चूक झाली तर सुधारता येते. दिलेल्या शब्दांची वही मात्र एकच ठेवा, आणि तिचा हिशोब खरा ठेवा, एवढी विनंती.