बाबांचे तीन सदरे

डोंगरापलीकडे एक फुलबाग होती. तिथे सकाळ आधी वासानं कळायची, मग डोळ्यांना दिसायची. त्या बागेचे माळी म्हणजे छोट्या शेवंतीचे बाबा. त्यांच्याकडे सदरा एकच, तोही खांद्यावर उसवलेला. धुतला की वाळेपर्यंत बाबा पंचा पांघरून घरात बसत.

भाऊबीज दहा-बारा दिवसांवर आली होती, पण बाबा आत्याकडे जायचं नावच काढत नव्हते. असल्या सदऱ्यात ओवाळून घ्यायची त्यांना लाज वाटायची. गेल्या वर्षीही बिचारी आत्या ताट मांडून वाट बघत राहिली होती.

शेवंतीनं घरातला उरलासुरला दोरा सुईत ओवला आणि सदरा शिवायला ती पारिजातकाखाली बसली. तेवढ्यात तिला बारीकसं मुसमुसणं ऐकू आलं. गुलाबाच्या काट्यात एका इवल्याशा परीचा रुपेरी पंख फाटला होता. शेवंतीनं क्षणभर सदऱ्याकडे पाहिलं, आणि सगळा दोरा त्या पंखाला लावला.

परी खुदकन हसली. म्हणाली, "माग हवं ते. पण आठ दिवसांत जे वापरणार नाहीस, ते तुझं राहणार नाही."

शेवंतीनं बाबांसाठी ढीगभर सदरे मागितले. पोपटी, मोरपंखी, डाळिंबी, चमचमत्या टिकल्यांचे! तिनं बाबांना अटही सांगितली, पण ते कसले ऐकतायत? नवं कापड सणालाच अंगाला लावायचं, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी सगळे सदरे पेटीत जपून ठेवले आणि रोज उसवलेलाच घालून झाडांना पाणी घालत राहिले.

भाऊबीजेच्या सकाळी पेटी उघडली आणि भुर्रर्र! सगळ्या सदऱ्यांची फुलपाखरं होऊन उडून गेली. बाबा खाली मान घालून बसले. तू एकटीच जाऊन ये, म्हणाले.

शेवंती रडत बागेत धावली. परीनं तिचे गाल पुसले. "आणखी एकदाच देते हं. तुझा परकरही विटलाय, नवा मागतेस का?"

शेवंतीनं परकराकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. "बाबांना तीनच सदरे दे. एक अंगात, एक दोरीवर, एक घडीत. बागेत चालतील आणि लग्नातही शोभतील, असे साधे. मग ते ठेवून देणारच नाहीत."

परीनं बोट फिरवलं. एक पांढराशुभ्र, एक आभाळी, एक मातीच्या रंगाचा, असे तीन सदरे फांदीवर झुलू लागले. शेवंतीचा परकर न मागताच गर्द जांभळा झाला. "माझी गुणाची पोर," असं म्हणत परी सोनेरी उजेडात विरघळून गेली.

दुपारी बाबा आभाळी सदरा घालून आत्याकडे पाटावर बसले. आत्याला इतका आनंद झाला की ओवाळायच्या गडबडीत कुंकू थेट नव्या सदऱ्यावर सांडलं. ती बिचारी ओशाळली.

"राहू दे गं अक्का," बाबा हसत म्हणाले, "उद्या हाच घालून बागेत जाणार आहे मी."