सोळा आणे दुखणं

"पण मग खरं कोणतं धरायचं, अप्पाजी?"

हा प्रश्न आमच्या ह्यांचा. मठाच्या दवाखान्यात हे नर्सिंगचं काम बघतात. पेशंट ह्यांना ब्रदर म्हणतात. दुपारचा रिकामा डबा घेऊन मी निघणार, तेवढ्यात हा प्रश्न आला, म्हणून खिडकीपाशी थांबले. लग्नाला महिना झाला होता. थांबावं की निघावं ते मला अजून कळत नसे, म्हणून मी बहुतेक वेळा थांबायची.

अप्पाजी म्हणजे मठाचे स्वामी. पूर्वाश्रमीचे डॉक्टर. हा दवाखाना त्यांनीच काढला, बरे न होणाऱ्यांसाठी.

"कशातलं कोणतं?" अप्पाजींनी विचारलं.

ह्यांनी खाटेकडे पाहिलं. खाटेवर यमनाप्पा कोरवी. जन्मभर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. कॅन्सर आता हाडांत उतरलेला. ठरल्या वेळेच्या आधी दुखणं वाढलं, तर मॉर्फिनचा एक छोटा डोस जास्तीचा द्यायचा, असं अप्पाजींनी सांगून ठेवलं होतं. यमनाप्पाने तो मागितला होता. कपाटाची किल्ली ह्यांच्या खिशात होती, आणि खिशातून निघत नव्हती.

हे सांगू लागले. नाडी नीट आहे. बी.पी. नीट. ताप नाही, श्वास सावकाश. दहापैकी किती दुखतंय विचारलं, तर म्हणतो दहाचं आपल्याला कळत नाही, रुपयातलं विचारा. रुपयातलं विचारलं, तर म्हणतो सोळा आणे. आणि सांगताना हसतो.

"हसतो, अप्पाजी," ह्यांनी पुन्हा सांगितलं. कॉलेजात पहिला नंबर आलेल्या माणसाशी पेशंटने असं वागावं, ते ह्यांना पटत नव्हतं.

यमनाप्पा खरोखरच हसत होता. मघाशी त्याने मला विचारलं होतं, तुमच्या लग्नात बँड कुठला होता. बँड नव्हता, डीजे होता, असं सांगितल्यावर तो म्हणाला, मग लग्न लागलंच नाही. परत लावून घ्या, वाजवायला मी येतो.

बोलताना त्याची बोटं चादरीवर हलत होती. वाजवल्यासारखी... किंवा नुसतीच.

ह्यांचं मला चूक वाटेना. सोळा आणे दुखत असताना कुणी डीजेची टिंगल करतं का? मग वाटलं, आमच्या मावशी कळा येत असताना शेजारणीला भाजीचा भाव विचारत होत्या. मग पुन्हा काहीच वाटेना.

अप्पाजी खाटेच्या कडेला बसले.

"शिवानंद, लग्नात आनंद किती झाला?"

हे गडबडले. "झाला की, अप्पाजी."

"दहापैकी सांग."

यमनाप्पाची बोटं थांबली. मी डब्याची कडी नीट केली. ती नीटच होती.

"...दहा," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता, बी.पी.च्या मशीनकडे बघून.

अप्पाजींनी हात पुढे केला. ह्यांनी बाही वर सारली. अप्पाजींनी पट्टा गुंडाळला, फुगवला, हवा सोडली. मनगटावर बोटं ठेवून घड्याळाकडे बघत राहिले. मग हनुवटीला धरून ह्यांचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि निरखून पाहिलं.

"नाडी नीट. बी.पी. नीट. हसू तर कुठेच नाही. खोटं बोललास?"

"नाही, अप्पाजी."

"मग दाखव."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू तो आनंद माझ्याजवळ ठेवायला दिला होता.

माझ्याजवळ डबा होता.

अप्पाजी माझ्याकडे वळले. "बाळ, तू कोणतं धरतेस? मशीन, का हा?"

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. दहा यायला वेळ लागला होता. आठ म्हणावं की नऊ, असा तो वेळ होता, की चारचौघांत दहा कसं म्हणावं, असा... महिन्याभरात तेवढं कळत नाही.

"हे म्हणतात ते," मी म्हणाले.

"का?"

"...दुसरं धरायचं काय?"

यमनाप्पा मोठ्याने हसला. म्हणाला, डीजे लावूनही लग्न लागलं म्हणायचं. आणि हसता हसता त्याने खाटेची दांडी धरली. हसू तोंडावर तसंच राहिलं. बोटांची पेरं पांढरी झाली.

हे बघत उभे राहिले. नाडी बघायला हात पुढे केला... आणि मागे घेतला. किल्ली काढली.

औषध पोटात गेलं. यमनाप्पाने तोंड वाकडं केलं, कडू आहे म्हणाला. बऱ्याच वेळाने त्याची बोटं दांडीवरून सुटली.

आम्ही व्हरांड्यात आलो. औषध दिलं होतं खरं, पण ह्यांच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. माझ्याही कपाळावर एक असावी.

"पण अप्पाजी... यमनाप्पा खोटं बोलत असला, तर?"

अप्पाजी पायानेच चपला चाचपत होते. एक सापडली.

"खोटं बोलावं लागत असेल, तर मग आपल्याला वाटतंय त्याहून जास्त दुखतंय."