आरणसांगवीची पाठमोरी पाटलीण

आरणसांगवीत येळी नदीच्या काठावर एक पार आहे. पाराच्या कडेला काळ्या दगडाची एक बाई बसलेली आहे. डोक्यावर पदर, मांडीवर दोन्ही हात, तोंड नदीकडे आणि पाठ सगळ्या गावाकडे. नवखा माणूस हटकून विचारतो, देवीनं गावाकडे पाठ का केली? मग गावातलं कुणी जुनं माणूस त्याला सावलीत बसवतं, तांब्याभर पाणी देतं आणि सांगतं, की ही देवी नव्हे, ही चिमाई पाटलीण. हिच्याइतकी जळकुटी बाई या गावात झाली नाही. आणि तरी दर पाडव्याला पहिला नारळ हिच्याच पुढ्यात फुटतो.

चिमाई रणनवरे ऐन तारुण्यात विधवा झाली. नवरा लढाईत गेला, मूल नव्हतं, पाटीलकी तिच्या पदरात आली. बाई कर्तबगार होती. तंटा मिटवावा तर तिनंच. गावाची रीत अशी होती, की दर पाडव्याला प्रत्येक घरानं मूठभर ज्वारी आणायची आणि ज्याच्या शब्दावर आपला भरवसा, त्याच्या पुढ्यात ओतायची. ज्याची रास मोठी, त्याचा शब्द वर्षभर गावाचा शब्द. चिमाईच्या राशीशेजारी दुसरी रास कधी पडलीच नाही, असं सांगतात.

पुढं तेलंगणात मोठा दुष्काळ पडला आणि तिकडचे विणकर बायकापोरं घेऊन येळीच्या पलीकडच्या काठावर येऊन बसले. गाव म्हणालं, हाकला. चिमाई स्वतः नदीच्या उतारातून, गुडघाभर पाण्यातून पलीकडे गेली आणि त्यांना ती पडीक जमीन दाखवून म्हणाली, "राहा इथं. आरणसांगवीच्या पाटलिणीनं जागा दिली म्हणून सांगा." हे शेवटचं वाक्य तिनं जरा मोठ्यानं म्हटलं, म्हणे. त्या लोकांची पुढारी राजव्वा नावाची बाई होती. तीही विधवाच. तिनं वाकून चिमाईच्या पायाची धूळ कपाळाला लावली. त्या दिवशी चिमाईला ती फार आवडली.

वर्षं गेली. पलीकडच्या काठावर मागांचा खटखटाट सुरू झाला. विणकरांमागून रंगारी मुसलमान आले, त्यांच्यामागून घोंगड्या विणणारे कानडी धनगर. बाजार भरू लागला. गावातल्या कुणब्यांची कुरकुरही वाढली. रंगानं नदी निळी होते, गायरान पुरत नाही, त्यांची बोली कळत नाही, असं ते म्हणत. पण लग्नाचं लुगडं आणायला तेच पलीकडे जात.

त्या काठावर भाषा तीन, देव अनेक. भांडणं झाली की सगळे राजव्वाकडे जात. हळूहळू अलीकडची माणसंही जाऊ लागली. दोन भावांचा बांधाचा तंटा चिमाईला वर्षभर सुटला नव्हता. राजव्वानं दोघांना एका मागावर बसवून जेवू घातलं आणि तो मिटला. ही बातमी चिमाईला सांगणारी बाई कौतुकानं सांगत होती. चिमाई ऐकत राहिली आणि हातातली सुपारी तिनं न कातरताच डब्यात टाकली.

तेव्हापासून तिचं जेवणावरचं मन उडालं, असं सांगतात. ती रस्त्यानं निघाली की माणसं अजून उठून उभी राहत. पण ती पुढं गेली की मागं पुन्हा तिकडच्याच गोष्टी सुरू होत, आणि ते तिला पाठीनं ऐकू येई. राजव्वा तिच्यापेक्षा सावळी, तिच्यापेक्षा ठेंगणी, मराठी बोलताना अडखळायची. लोकांना ते अडखळणंसुद्धा गोड वाटतं, हे चिमाईला सहन होईना. 'मी जागा दिली नसती तर कुठं असती ही?' हा एकच प्रश्न ती भाकरी थापताना, पूजेला बसताना स्वतःला विचारी.

नवऱ्याचा चुलतभाऊ बाबाजी तिचा कारभार पाहायचा. त्यानं हे ओळखलं. तो म्हणाला, "वहिनीसाहेब, गाव आपलं राहिलं नाही. यंदा तिकडचेही मुठी घेऊन येणार आहेत."

"येऊ देत," चिमाई म्हणाली. "माझ्याच पुढ्यात ओततील. जागा मी दिलीय."

पाडव्याला ते आले. गावाचा जुना पार तेव्हा चावडीपुढं होता. चिमाईसमोर रास पडली, नेहमीएवढीच. राजव्वा लांब, लिंबाखाली उभी होती. तिनं काही मागितलं नव्हतं. पण एक रंगारी तिच्याकडे गेला, मग धनगर, मग विणकर. मग गावचा कुंभार गेला, आणि चिमाईपासून दोन वाडे सोडून राहणारी म्हातारी गेली. लिंबाखालची रास मोठी झाली.

चिमाई उठली. चालत लिंबाखाली गेली आणि तिनं हातानं ती रास उधळली. ज्वारी धुळीत पसरली. "या गावच्या पांढरीत ज्याची नाळ पुरली, त्याचीच मूठ खरी," ती ओरडली. "उपऱ्यांची नाही. आजपासून हीच रीत."

बाबाजीनं आधी मान डोलावली, मग जुन्या घरांनी. राजव्वा खाली बसली आणि धुळीतली ज्वारी वेचून पदरात भरू लागली. कुणी मदतीला वाकलं नाही. चिमाईला त्या वर्षी सुखाची झोप लागायला हवी होती. लागली नाही. राजव्वा रडली का नाही, एवढंच तिला वारंवार आठवे.

पुढच्या पाडव्यापर्यंत रंगाऱ्यांची बरीच घरं उठून गेली. बाजार ओस पडला. पाडव्याला पाराच्या पायरीवर बाबाजी उभा राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाला अडवू लागला.

"तुझा बाप कुठला रे?" त्यानं कुंभाराला विचारलं. बाप शेजारच्या गावचा निघाला. नाळही तिथलीच ठरवून कुंभाराला बाजूला केलं. गुरवाला बाजूला केलं. मग एकटीनं घर चालवणाऱ्या विधवा बायकांना केलं, कारण त्या साऱ्या नांदायला आलेल्या, त्यांच्या नाळा माहेरी. शेवटी चिमाई मूठ घेऊन पुढं आली.

बाबाजी हात जोडून म्हणाला, "वहिनीसाहेब, रीत तुम्हीच घातलीत. तुमची नाळ कुठं पुरलीय?"

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं चिमाईला वाटलं. बाबाजीपुढं ओंजळभर ज्वारी पडली आणि तेवढ्यावर तो गावाचा धनी झाला.

त्याच दुपारी चिमाई उतारातून पलीकडे गेली. राजव्वा मागाचे लाकडी भाग सोडवून बांधत होती. तिनं मान वर केली, पण उठली नाही.

"चाललीस?" चिमाईनं विचारलं.

"आमची लेकरं इथं जन्मली, पाटलीणबाई. त्यांच्या नाळा याच काठाला आहेत. पण तुमच्या पांढरीला हा काठ दिसत नाही."

"मलाही काढलं आज."

"कळलं." राजव्वानं दोरीची गाठ आवळली. "बरं वाटलं मला. खोटं कशाला बोलू?"

हे ऐकून चिमाई पहिल्यांदाच तिच्याशेजारी जमिनीवर बसली. राजव्वानं पाणी दिलं. मग म्हणाली, की माझीही माणसं काही वेगळी नाहीत. विणकर म्हणतात, आम्ही आधी आलो, धनगर मागून आले, त्यांची मूठ कशाला?

चिमाई पाणी प्यायली आणि तिच्या डोळ्यांत एकदम चमक आली. ती चमक चांगुलपणाची नव्हती. जुनी घरं माझी राहिली नाहीत, तर तुझे विणकरही पहिले नकोत, हेच तिच्या मनात आलं, असं सांगतात. ती म्हणाली, "मग असं करू. जो सगळ्यांच्या शेवटी आला, त्याची मूठ सगळ्यांच्या आधी पडेल. तुझ्या विणकरांच्या आधी धनगर. आणि रणनवरे सगळ्यांच्या शेवटी."

राजव्वा तिच्याकडे बघत राहिली आणि मोठ्यानं हसली. "हे तुम्ही माझ्यावर जळून बोलताय."

"हो," चिमाई म्हणाली. "जळूनच बोलतेय. मान्य आहे का?"

"मान्य आहे. पण देवीची शपथ घ्या. उद्या मन फिरेल तुमचं."

चिमाईनं नदीत उभी राहून शपथ घेतली. मग दोघी मिळून दारोदार फिरल्या. बाबाजीनं बाजूला केलेली घरंच गावात जास्त होती. त्याच चैत्रात, पुनवेला सगळं गाव मुठी घेऊन निघालं, पण चावडीकडे कुणी गेलं नाही. सगळे नदीच्या वाळूत उतरले. पहिली मूठ एका धनगराच्या म्हातारीनं ओतली. तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. चावडीच्या पारावर बाबाजी आपल्या ओंजळभर ज्वारीपाशी एकटा बसून राहिला.

रास राजव्वाचीच मोठी झाली. चिमाईचे हात शिवशिवले, लोकांनी पाहिलं. पण तिनं शपथ मोडली नाही. ती फक्त वळली आणि नदीकडे तोंड करून बसली. मागं ज्वारी पडल्याचा आवाज येत राहिला, तो तिनं शेवटच्या मुठीपर्यंत ऐकला. ती शेवटची मूठ तिचीच होती. मागं न बघता तिनं हात लांबवला आणि ती राजव्वाच्या राशीत सोडली, म्हणे.

त्यानंतर ती जगली तोवर दर पाडव्याला अशीच पाठमोरी बसली. मत्सर काही गेला नाही. ती वारली तेव्हा त्या वाळूकाठी पार बांधून विणकरांनी तिची मूर्ती बसवली. पाराकडे तोंड करून बसवली होती. दुसऱ्या सकाळी पाहतात तो मूर्तीची पाठ. पुन्हा फिरवली, पुन्हा पाठ. तेव्हा म्हातारी राजव्वा म्हणाली, "राहू द्या. तिला बघवत नाही."

आजही पाडव्याला आरणसांगवीची सभा त्याच पारावर भरते, आणि गावात सर्वांत शेवटी आलेल्या घराची मूठ आधी पडते. मागच्या खेपेला ती फरशी बसवणाऱ्या एका राजस्थानी जोडप्याची होती. त्यांना कुणीतरी खुणेनं सांगितलं, कुठं ओतायचं ते. ओळीच्या अगदी टोकाला, भर उन्हात, रणनवऱ्यांची थोरली सून मूठ आवळून उभी असते. तिला हे मुळीच आवडत नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसतं. पण आपली पाळी येईपर्यंत ती ओळ सोडत नाही.