पोहता न येणारं पाणमांजर

एका नदीच्या वळणावर एक पाणमांजर राहत असे आणि, बाळांनो, त्याला पोहता येत नसे! दचकलात ना? लहानपणी पाणकावळे गुरुजींच्या शाळेत नाकात पाणी शिरलं, तेव्हा ते जे पळालं ते परत फिरकलंच नाही. मोठं झाल्यावर मगरीनं त्याला कामाला ठेवलं. सकाळी तिच्या पाठीवर बसून नदीतल्या बेटावर जायचं, वाळूत पुरलेल्या तिच्या अंड्यांवर घोरपड आली की हुसकायची आणि संध्याकाळी मासा घेऊन परतायचं.

पण अंडी आज ना उद्या फुटणार. मग पुढं काय? पाणमांजराची झोप उडाली. "मावशी, काम सोडून पुन्हा शाळेत जाऊ का?" त्यानं शेजारच्या कासविणीला विचारलं. मावशीची मान कवचातून खाडकन बाहेर आली. "अगोबाई! आयता मासा सोडून? एवढ्या मिशा घेऊन पिल्लांच्या रांगेत बसणार? त्यापेक्षा मगरबाईंनाच विचार, पुढं ठेवून घेतील का म्हणून."

दुसऱ्या दिवशी एक पाय मगरीच्या पाठीवर ठेवून त्यानं विचारलं. मावशी अर्थातच दगडाआडून ऐकत होती. "तुला कुठं जाऊ देतेय मी!" मगर गोड हसली. "पोहणारे पुष्कळ आले होते कामाला. पण ते कधी पळतील, नेम नाही. तू आपला बेटावर बसलास की बसलास. आणि अंडी फुटली की पिल्लांना लगेच भूक लागते रे." असं म्हणून तिनं त्याच्या गुबगुबीत पोटावर जी नजर लावली, ती काही केल्या हलेना. पाणमांजराच्या अंगावरचा केस न् केस उभा राहिला. म्हणजे पोहता येत नाही, म्हणूनच हे काम मिळालं होतं! पाय मागं घेऊन ते पळत सुटलं, ते थेट गुरुजींच्या डोहावर. तिथं चिमुकली पिल्लं खिदळली, "काका, डोळे उघडा! काका, शेपूट हलवा!" काकांच्या नाकातोंडात पाणी गेलं, पण त्यांनी डोह सोडला नाही.

अंडी फुटली त्या सकाळी बेटभर भुकेली पिल्लं वळवळत होती आणि मगर काठाकाठानं कुणाला तरी शोधत होती. एवढ्यात नदीच्या मध्यातून एक मिशाळ तोंड वर आलं. तोंडात मासा! मगर वळेपर्यंत ते बुडी मारून पार पलीकडच्या काठाला. मावशीचं वासलेलं तोंड बराच वेळ मिटेना. मिटलं, तशी ती साऱ्या काठाला सांगत सुटली, "मी म्हटलंच होतं त्याला, शाळेत जा म्हणून!"

तात्पर्य : आपल्या अडाणीपणावर ज्याचं पोट भरतं, तो मालक आपल्याला कधीच 'शिक' म्हणणार नाही; तेव्हा एक पाय काठावर आहे तोवरच शाळा गाठावी, मिशा फुटल्या असल्या तरी.